दारवालीचा हात

५ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी नोकरदार बाई. वहिनीने सकाळी ही वही हातात दिली आणि म्हणाली, दिवसभराची बडबड यात ओत, घरी येऊन माझं डोकं खाऊ नकोस. वहिनी बोलायला तिखट आहे. पण डब्यात माझ्या आवडीची भाजी होती, तेव्हा तिचं सगळं माफ.

नोकरी दादाने लावून दिली. तो या जलद बसच्या मार्गावर ड्रायव्हर आहे. मी जिथे काम करत होते त्या कापडदुकानाला टाळं लागलं, तेव्हा त्याचा एका ओळीचा निरोप आला होता, बॅग भर आणि निघ. आईबाबा गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. शाळेच्या पहिल्या दिवशी त्याच्या शर्टाचं टोक धरून गेले होते, आणि आज पहिल्या दिवशी त्याच्याच बसमधून कामावर उतरले. उतरताना त्याने सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की ही माझी बहीण, हिच्याशी भांडू नका, हराल.

स्टेशन रुंद रस्त्याच्या मधोमध आहे. एक लांबट काचेची खोली म्हणा ना. दोन्ही अंगांना फक्त बसची लेन, लेनला लोखंडी कठडा, कठड्यापलीकडे बाकीची रहदारी. रस्त्याच्या एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला उंच इमारती. सकाळी वस्तीतली माणसं बस धरून लांबलांब कामाला जातात. इमारतींमधली माणसं बसने कुठेच जात नाहीत, त्यांच्याकडे गाड्या आहेत.

माझ्या कामाला इथे दारवाला म्हणतात. मी पहिली दारवाली. आधीच्या दारवाल्याची पलीकडच्या स्टेशनला बदली झाली, त्याने मला काम शिकवलं. बस पिवळ्या पट्टीला येऊन थांबते, स्टेशनची काचेची दारं सरकतात, बसची दारं उघडतात. चढणारे चढले, उतरणारे उतरले, की फलाट आणि बस यांमधल्या फटीवरून नजर फिरवायची आणि बसच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारायच्या. दोन थापा म्हणजे चल. फलाटाच्या बाजूला ड्रायव्हरला काही दिसत नाही, कारण त्या बाजूचा आरसा फलाटाला घासून तुटतो म्हणून काढूनच टाकलाय. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं मी म्हटलं तर तो हसला नाही. थांब म्हणायचं असेल तर किती थापा, असं विचारलं. त्यावर म्हणाला, थांबायची थाप नाही, पत्र्यावर हात पडला की ड्रायव्हर निघतो.

लहानपणी थापा मारते म्हणून मी मार खाल्ला, आता त्याचाच पगार घेणार आहे. दुपारी सुपरवायझर साहेब येऊन गेले. त्यांनी एकच गोष्ट बजावली. काही झालं तर आधी त्यांना सांगायचं, लोकांना नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

हात बसला. पहिले दोन दिवस तळहात लाल व्हायचा, आता काही वाटत नाही. ड्रायव्हर म्हणतात माझी थाप लगेच ओळखू येते, घरात कुणीतरी पोळपाट आपटल्यासारखी. दादाची बस आली की तो मुद्दाम उशिरा निघतो आणि विचारतो, जोर नाही का, जेवली नाहीस का. मग मी त्याच्या बसला अशी हाणते की आतले प्रवासी दचकतात. छोटीला, म्हणजे दादाच्या मुलीला, हा खेळच झालाय. ती दारात उभी राहते आणि पाठीवर दोन थापा पडल्याशिवाय हलत नाही. काल वहिनी दूध घेऊन तिच्यामागे ताटकळली होती.

आज एक विचित्र झालं. गर्दीच्या वेळी एक म्हातारे गृहस्थ अर्धे आत, अर्धे बाहेर होते आणि बस निघाली. मी हाताला धरून त्यांना ओढलं म्हणून वाचले. बस पुढे जाऊन थांबली. मी धावत जाऊन ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या. त्याने शपथेवर सांगितलं की त्याने दोन थापा ऐकल्या. मी म्हटलं, कान धुऊन ये. पण त्याच्या मागच्या सीटवरच्या बाईनेही ऐकल्या होत्या. तिच्या मते थापेबरोबर काहीतरी टक् असं वाजलं, बोटात अंगठी असावी तसं. माझ्या बोटांत काहीही नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आज सकाळपासून मावशीची कटकट चालू आहे. मावशी म्हणजे स्टेशन झाडणारी. तिचं म्हणणं, काचेच्या दारांवर कुणीतरी हाताचे पंजे उमटवतं आणि ते पुसून निघत नाहीत. मी फडकं घेतलं. ठसे बाहेरच्या बाजूने होते, म्हणजे जिकडे फक्त बसची लेन आहे, उभं राहायला जागा नाही. आणि इतके खाली होते की कुणी लेनमध्ये गुडघ्यावर बसून वर हात केला असता तरच उमटले असते. तळहात, अंगठा, बोटं. मधल्या बोटाच्या टोकाला मात्र ठसा नाही, तिथे बारीक ठिपक्यांचं एक वर्तुळ. शिवणाऱ्या बायका बोटात टोपण घालतात ना, अंगुस्तान, तसं काहीतरी. दुकानात मी हजारदा पाहिलंय.

मी मावशीला म्हटलं, अंगुस्तान दिसतंय. तिने माझ्या हातातून फडकं ओढून घेतलं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन झाडत बसली. एरवी जी बाई पाणी प्यायला थांबली तरी बोलत राहते, ती दिवसभर गप्प होती.

एकट्या आजच्या दिवसात तीन बसेस माझ्या थापेशिवाय निघाल्या.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

काल आधीचा दारवाला सहज म्हणून आला होता. मी चहा मागवला आणि थापांची गोष्ट सांगितली. टक् असा आवाज येतो म्हटल्यावर त्याने कप खाली ठेवला. मला विचारलं, ती काही बोलते का. मी म्हटलं, ती कोण. तो चहा तसाच टाकून उठला. फार लागलं मला, चहाचं नाही, असं कुणी अर्धं बोलून जातं त्याचं.

आज साहेब सांगत आले की त्याच्या नव्या स्टेशनवर अपघात झाला. काचेच्या दारात उजवा हात सापडला, मनगटापासून गेला. दार बंद होताना त्याने हात बाहेर काढलाच कशाला, असं साहेब विचारत होते. दवाखान्यात तो एकच सांगतोय, काढला नाही, बाहेरून कुणीतरी ओढला. साहेब हसले. म्हणाले, माणूस आपली चूक कुणाच्या तरी गळ्यात मारणारच.

१९ फेब्रुवारी, सोमवार

मावशीला आज मी सोडलं नाही. बाकावर शेजारी बसवलं आणि म्हटलं, माझा हात गेल्यावर सांगणार आहेस का. तेव्हा बोलली.

वस्तीत एक शिवणारी होती. कपड्यांचं गाठोडं घेऊन रोज इथून बस धरायची. अंगुस्तान बोटातच, फलाटावरही टाके घालत बसायची, मावशीची दोन पोलकी तिने बसची वाट बघताबघता उसवून दुरुस्त करून दिली होती. एके सकाळी ती चढत असताना गाठोडं बसच्या दारात अडकलं आणि पाय फटीत गेला. आधीचा दारवाला चहाला गेला होता, दाराशी कुणीच नव्हतं. तिने बस थांबावी म्हणून पत्र्यावर हात मारला.

ड्रायव्हर निघाला.

मावशीने हे सांगितलं आणि पदराने डोळे पुसले. मला रडू आलं नाही, राग आला. तिने मदत मागायला हात मारला आणि त्यानेच तिचा जीव गेला. आणि पुढचं त्याहून वाईट. साहेबांनी सगळ्यांना बसवून एक गोष्ट पढवली की ती कठडा ओलांडून लेनमध्ये शिरली होती, स्टेशनवर आलीच नव्हती. दारवाल्याने मान हलवली. ड्रायव्हरने कानांवर हात ठेवले. कॅमेरा नेमका बंद होता म्हणे. वस्तीत आजही लोक आपल्या पोरांना सांगतात, कठडा ओलांडू नका, त्या बाईसारखं होईल. मेलेल्या बाईला मूर्ख ठरवून हे तिघे सुटले. मी मावशीला म्हटलं, तो ड्रायव्हर मला सापडू दे, त्याच्या तोंडावर दोन थापा मारते. मावशी खाली बघत राहिली.

घरी जेवताना सगळं सांगितलं. ताटावरच तोंड सुटलं माझं. त्या ड्रायव्हरच्या घशाखाली घास कसा उतरतो, असं म्हटलं आणि बघते तर दादाचा घास हातातच. वहिनीने छोटीला आत पाठवलं.

तो दादा होता.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस आम्ही बोललो नाही. आज सकाळी त्यानेच विषय काढला. त्याने दोन थापा ऐकल्या आणि निघाला, दारवाला नाही हे त्याला कळणार कसं. नंतर साहेब म्हणाले, त्या कठड्याच्या खोट्या जबाबावर सही कर, नाहीतर तुरुंगात जाशील, बायको-पोर रस्त्यावर येतील. केली सही. मी विचार केला. आपलेच दात, आपलेच ओठ. दोन थापांवर निघाला हे तर खरंच, ती चूक कुणाकडूनही झाली असती. मी त्याला चहा करून दिला.

पण दुपारी—

नीट लिहिते. साहेब तपासणीला आले होते. बस पट्टीपासून लांब थांबली होती, फट मोठी होती. साहेब काठावर वाकून फट बघत होते, ड्रायव्हरला शिव्या देत होते. मी त्यांच्या मागे. टक् असा आवाज आला आणि बस हलली. साहेबांची बाही दाराच्या पत्र्याला अडकली होती. ते धावले, मग धावता येईना.

फलाट जिथे संपतो तिथपर्यंतच फरफटले. पुरेसं होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. ड्रायव्हर रडत म्हणत होता, तुझीच थाप होती ताई, पोळपाट आपटल्यासारखी, मी ओळखतो ना. मी मारली नाही. मी देवाशप्पथ मारली नाही. पण माझा उजवा तळहात लालभडक होता आणि मधल्या बोटाच्या टोकाला एक वळ होता. गोल.

२४ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसने नवा नियम काढला. आता प्रत्येक बसवर दोन ड्रायव्हर, एकाने बसायचं, दुसऱ्याने उतरून दाराशी उभं राहायचं. मी म्हटलं, त्यापेक्षा ती थाप बंद करा. म्हणाले, आरसे मागवलेत, येईपर्यंत थाप चालू. म्हणजे खाली दाराशी दादा. आणि पत्र्याशी मी.

दादाला हात दाखवला. दारवाला झाला, साहेब झाले, आता कोण राहिलं ते तुला मोजून दाखवू का, असं विचारलं. रजा घे म्हटलं, मार्ग बदल म्हटलं. रजा मिळत नाही, पळालो तर सगळ्यांना कळेल, म्हणाला. उठून दार लावून घेतलं. मग बोलला.

थापा दोन नव्हत्या.

दोन झाल्या, तो निघाला, आणि त्या चालूच राहिल्या. पुढच्या सिग्नलपर्यंत चालू होत्या. टक् टक् टक्. त्याला ऐकू येत होत्या. वस्तीतली पोरं पत्रा बडवताहेत असं वाटलं म्हणे, आणि बसला उशीर झाला होता.

 मांडीवर बघितलं तर माझा उजवा हात आपोआप उघडला होता, तळवा वर करून. तिचा राग मला कळत होता. सगळा कळत होता, आत भरत होता. मी हात दुसऱ्या हाताने धरला आणि दादाला म्हटलं, मावशी सांगत होती, तिची आई अजून वस्तीत राहते. उद्या जायचं आणि खरं सांगायचं. पुढे जे होईल ते होईल, मी आहे. तो हो म्हणाला.

२५ फेब्रुवारी, रविवार

गेलो.

एक खोली. शिलाईचं मशीन कापड टाकून झाकलेलं. आईने पाणी दिलं. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिने शिवी दिली नाही, रडली नाही. एकच विचारलं. माझी मुलगी कधी रांग मोडायची नाही, लोक म्हणतात तिने कठडा ओलांडला, तर बाबा, तू तिथे होतास, तू सांग, ओलांडला होता का.

दादा म्हणाला, हो.

म्हातारीने मान हलवली. बरं, म्हणाली. एवढंच म्हणाली.

त्या क्षणी मला दादा नको झाला. खरंच नको झाला. मला वाढवलेला माणूस, आणि मला वाटलं, होऊ दे याचं काय व्हायचं ते. परतताना तो सांगत होता की जीभच वळली नाही, पुढच्या आठवड्यात नक्की सांगतो, छोटीचा विचार कर. मी सगळ्या वाटभर माझ्या हाताकडे बघत होते. तो मिटत नव्हता.

२६ फेब्रुवारी, सोमवार

कामावर गेले नाही. हात ओढणीने बांधून ठेवला. तरी भिंतीवर पडतो. दोन. मग दोन. बसच्या वेळेला.

दुपारी छोटी दारात येऊन उभी राहिली. पाठमोरी. आत्या, थाप मार, मग मी जाते, म्हणाली.

हात वर गेला होता. गाठ कधी सुटली कळलं नाही. वहिनी आली म्हणून—

या घरात मी राहायचं नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

स्टेशनवर आहे. काम करत नाही, दुसऱ्या स्टेशनचा एक दारवाला बदलीवर आलाय. मी तिकिटाच्या केबिनमध्ये. तिकीटवाल्याला म्हटलं, बाहेरून कडी घाल, मी ओरडले तरी उघडू नकोस. हसला, पण घातली. इथून बसच्या पत्र्याला हात पोचत नाही. आणि दादा डोळ्यांसमोर राहील.

सकाळी निघताना त्याला पुन्हा म्हटलं, आज सांग. उद्या, म्हणाला. रोज उद्या.

एक शोध लागला. लिहीत असले की उजवा हात माझा राहतो. पेन सोडला की नाही. म्हणून लिहितेय. काहीही लिहितेय. बस येते, बस जाते. मावशी झाडतेय. एक बाई लेकराला घेऊन चढली. दारवाल्याच्या दोन थापा. बस गेली. बरं चाललंय.

दादाची बस. पट्टीपासून लांब थांबली, फट मोठी आहे. दुसरा ड्रायव्हर स्टिअरिंगवर, दादा खाली उतरलाय. हसतोय कुणाशी तरी.

दार लागत नाहीये. लोक ओरडताहेत. खाली काहीतरी अडकलंय, कापड. शिवलेलं, नवं कापड, मीटरभर, कुठून आलं—

नको.

तो वाकतोय. फटीत उतरला. कमरेपर्यंत. कापड ओढतोय, येत नाही.

दारवाला कुठे आहे. स्टेशनच्या टोकाच्या उताराशी, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला आत घेतोय. पाठ इकडे.

केबिनच्या माइकवर ओरडले. दादा, वर ये. बाहेर काही ऐकू गेलं नाही, कुणीच वळलं नाही. तिकीटवाला चहाला. कडी बाहेरून. मीच घालायला लावली.

डावा हात मांडीखाली दाबलाय. मधलं बोट टोचतंय त्याचं, थंड, अंगुस्तान घातल्यासारखं—डावा पण तिचाच—

खरं बोल दादा. तिथूनच बोल. ती ऐकतेय. मीही ऐकतेय. एकदा म्हण, ती रांगेत होती.

वर बघितलं त्याने. मला बघितलं. हात हलवला. हसला. त्याला वाटतंय मी रुसलेय.

डावा सुटला. केबिनच्या काचेवर पडला, वाजला तिकडे बसच्या पत्र्यावर. एक.

दुसऱ्या ड्रायव्हरने मान वर केली. गिअरवर हात. दुसरीची वाट बघतोय.

नाही. दुसरी नाही. राग आहे मला, आहे, तुझा आहे तेवढाच माझाही आहे बाई, पण तो मला हवाय. खोटारडा असला तरी हवाय. सोड. मी लिहितेय, उजवा माझा आहे, मी हा पेन सोडणार ना